किनारखेकडे आणि बदलती क्षारता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किनारखेकडा म्हणजे नेमका कोणता खेकडा?

या पानावर मुख्यतः ज्याच्याबद्दल बोलायचे आहे तो युरोपचा हिरवा किनारखेकडा, शास्त्रीय नाव कार्सिनस मेनास. मूळ घर युरोप आणि वायव्य आफ्रिकेचा अटलांटिक किनारा. पाठीच्या कवचाच्या पुढच्या कडेला दोन्ही डोळ्यांच्या बाहेर पाच-पाच दाते असतात, ही त्याची खूण. नावात ‘हिरवा’ असला तरी तो पिवळट, नारिंगी, अगदी विटकरी लालही दिसतो, त्यामुळे रंगावरून ओळखायला जाऊ नका. रंगाचा संबंध दुसऱ्याच गोष्टीशी आहे, ते पुढे येईलच.

त्याच्या जोडीला इथे तीन पाहुणे डोकावतील: आशियाई किनारखेकडा (हेमिग्रॅप्सस सँग्विनियस), चिनी मिटन खेकडा (एरिओकिर सायनेन्सिस) आणि हॅरिसचा चिखलखेकडा. चौघेही आपापला मुलूख सोडून परक्या किनाऱ्यांवर जाऊन बसले आहेत, आणि खाऱ्या-गोड्या पाण्याचा प्रश्न चौघांनी चार तऱ्हांनी सोडवला आहे.

हिरवा खेकडा कुठे कुठे पोहोचला?

उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर त्याची पहिली नोंद १८१७ची. लाकडी जहाजांच्या तळाच्या भेगांत किंवा समतोलासाठी भरलेल्या दगडगोट्यांत लपून तो आला असावा. ऑस्ट्रेलियात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, दक्षिण आफ्रिकेत १९८३मध्ये, सॅन फ्रान्सिस्को उपसागरात १९८९-९०च्या सुमारास, टास्मानियात १९९३मध्ये, अर्जेंटिनाच्या पॅटागोनिया किनाऱ्यावर २००३मध्ये, न्यूफाउंडलंडला २००७मध्ये तो सापडला. २०२२मध्ये अलास्कातही मिळाला. त्याच वर्षाच्या जानेवारीत वॉशिंग्टन राज्याच्या गव्हर्नरांनी या खेकड्यापायी आणीबाणीचा आदेश काढला होता. मुठीत मावेल एवढ्या प्राण्यासाठी एवढा सरकारी खटाटोप क्वचितच होतो.

तो मऊ कवचाच्या शिंपल्यांचा फडशा पाडतो आणि समुद्री गवताची कुरणे खणून उखडतो. न्यू इंग्लंडमधला शिंपल्यांचा धंदा विसाव्या शतकाच्या मध्याला कोसळला, त्यात याचा मोठा वाटा मानला जातो.

क्षारता बदलते म्हणजे किती बदलते?

मोकळ्या समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणून त्याची क्षारता ३५ म्हणायची. नदीच्या पाण्याची जवळपास शून्य. नदी समुद्राला मिळते तिथे या दोन टोकांच्या मधली प्रत्येक पायरी सापडते, आणि ती जागेवर थांबत नाही. भरतीला खारे पाणी आत घुसते, ओहोटीला गोडे पाणी खाली सरकते, त्यामुळे एकाच दगडाखाली बसलेल्या खेकड्याला सहा तासांत तिशीपासून दहापर्यंतचा उतार सोसावा लागतो. त्यात मुसळधार पाऊस झाला किंवा डोंगरावरचे बर्फ वितळले की सगळेच कोलमडते. उलट उन्हात तापणाऱ्या उथळ डबक्यात पाणी आटत जाते आणि क्षारता समुद्राच्याही वर चढते.

एक बारकावा मात्र लक्षात ठेवायला हवा. गोडे पाणी हलके, म्हणून ते वर तरंगते आणि खारे पाणी तळाशी पाचरीसारखे शिरते. पृष्ठभागावरून बादलीभर पाणी काढून मोजलेली क्षारता आणि तळाशी खेकडा भोगतो ती क्षारता यांत खूप फरक असू शकतो. चिखलाच्या कणांमधले पाणी तर त्याहून सावकाश बदलते.

हा खेकडा किती सोसू शकतो?

प्रौढ हिरव्या खेकड्यासाठी साधारण ४ ते ५२ अशी मर्यादा सांगितली जाते. आकडा खरा आहे, पण त्यावरून फसायला होते. या दोन टोकांपाशी तो तग धरतो एवढेच. तिथे तो सुखाने खातो, वाढतो, प्रजा वाढवतो असे नाही. तग धरणे आणि संसार मांडणे यांतले अंतर हाच या सगळ्या विषयाचा गाभा आहे.

पाणी फिके झाले की त्याच्या शरीरात काय घडते?

मोकळ्या समुद्रात तो फारसे काही करत नाही. त्याच्या रक्ताची (खेकड्याच्या बाबतीत रक्तद्रव म्हणणे अधिक बरोबर) एकूण तीव्रता समुद्राएवढीच असते, म्हणजे सुमारे १,००० मिलीऑस्मोल (पाण्यात विरघळलेल्या कणांची तीव्रता मोजायचे हे एकक). आतबाहेर सारखेच, त्यामुळे पाणी कुठेच ओढले जात नाही. क्षारता वीस-पंचविसाच्या खाली उतरली की मात्र त्याला कामाला लागावे लागते.

कारण आता बाहेरचे पाणी फिके आणि आतले रक्त खारट. परासरणाच्या नियमाने पाणी कल्ल्यांच्या पातळ पडद्यातून आत घुसायला लागते आणि क्षार बाहेर झिरपायला लागतात. बुडाला भोक पडलेल्या होडीसारखी अवस्था होते. कवच जाड असले तरी कल्ले बंद करता येत नाहीत, श्वास तिथूनच घ्यायचा असतो.

मग तो भोक बुजवण्याऐवजी उपसा वाढवतो. कल्ल्यांच्या नऊ जोड्यांपैकी पुढच्या मुख्यतः श्वासासाठी, आणि मागच्या तीन जोड्या क्षार ओढून घेण्यासाठी. या मागच्या कल्ल्यांच्या पेशी जाड असतात, त्यांच्या आतल्या बाजूच्या पडद्याला असंख्य घड्या असतात आणि त्यांत ऊर्जेचे कारखाने म्हणजे मायटोकॉन्ड्रिया ठासून भरलेले असतात. तिथे सोडियम-पोटॅशियम एटीपेज नावाचा पंप सोडियम रक्तात ढकलत राहतो. दुसरे विकर (एन्झाइम), कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज, श्वासातून तयार झालेल्या कार्बन डायऑक्साइडपासून हायड्रोजन आणि बायकार्बोनेट आयन बनवते. ते बाहेर देऊन त्यांच्या बदल्यात सोडियम आणि क्लोराइड आत घेतले जातात. टाकाऊ वायूच्या मोबदल्यात मीठ मिळवायचे, असा हा सौदा. मला या सगळ्या यंत्रणेतला हाच भाग सर्वांत देखणा वाटतो.

परिणाम असा की बाहेरची क्षारता १० वर आली, म्हणजे पाणी ३०० मिलीऑस्मोलच्या आसपास असले, तरी रक्त त्याच्या दुपटीच्या घरात टिकते. लक्षात घ्या, तेही मूळच्या १,०००वर राहत नाही, बरेच खाली येते. पंपाने गळती थांबत नाही, फक्त होडी बुडत नाही.

हे सगळे लगेच सुरू होते का?

दोन टप्प्यांत. पहिल्या काही तासांत आहे तीच यंत्रणा जोराने चालवली जाते. पाणी फिकेच राहिले तर मागच्या कल्ल्यांत नवी विकरे तयार व्हायला लागतात, आणि कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेजचे काम आठवड्याभरात कित्येक पटींनी वाढते. म्हणूनच फिक्या पाण्यात आधीपासून मुरलेला खेकडा आणि समुद्रातून थेट उचलून आणलेला खेकडा यांची तुलना करू नये. एकाच जातीचे असले तरी त्या दिवशी ते दोन वेगळे प्राणी असतात.

मूत्रावाटे पाणी का टाकत नाही?

टाकतो, भरपूर टाकतो. फिक्या पाण्यात मूत्राचे प्रमाण बरेच वाढते. अडचण अशी की हे मूत्र रक्ताइतकेच खारट असते. क्षार परत शोषून पातळ मूत्र बनवण्याची सोय त्याच्या शृंगिका-ग्रंथीत, म्हणजे मूत्र बनवणाऱ्या अवयवात, नाही. म्हणजे पाण्याबरोबर कमावलेले मीठही जाते आणि ते कल्ल्यांना पुन्हा भरून काढावे लागते. खऱ्या गोड्या पाण्यात तो कायमचा राहू शकत नाही, त्याचे एक मोठे कारण हे.

रक्त पातळ झाले तर पेशी फुगून फुटत नाहीत का?

फुटल्या असत्या. पण पेशींमध्ये ग्लायसिन, प्रोलिन, टॉरिन अशी मोकळी अमिनो आम्ले साठवलेली असतात. रक्त पातळ झाले की पेशी ही आम्ले बाहेर सोडतात, स्वतःची तीव्रता उतरवतात आणि पाणी आत येणे रोखतात. सोडलेल्या आम्लांतली काही मोडली जातात आणि त्यातला नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांतून बाहेर पडतो. फिक्या पाण्यात नुकत्याच आलेल्या खेकड्याचा अमोनिया वाढलेला दिसतो तो यामुळे.

याची किंमत किती मोजावी लागते?

ऊर्जेत. प्राणवायूचा वापर वाढतो, हृदयाचे ठोके वाढतात, कल्ल्यांवरून पाणी खेळवणेही वाढते. पंपात गेलेली ऊर्जा वाढीला, अंड्यांना, शिकारीला उरत नाही. अन्न मुबलक आणि पाणी उबदार असेल तर हा खर्च झेपतो. थंडी, उपासमार किंवा प्राणवायूची टंचाई यांपैकी एक जरी सोबत आली तरी हिशेब बिघडतो. प्रयोगशाळेत एकट्या क्षारतेने न मरणारा खेकडा खाडीत मरतो, तो बहुधा अशा जोडसंकटात.

मग तो सरळ निघून का जात नाही?

जातो की! यंत्रणेचे इतके कौतुक झाल्यावर हे सांगायचे राहून जाते. पाणी फिके होत गेले की खेकड्याची चालण्याची गती वाढते आणि बरे पाणी लागेपर्यंत तो भटकत राहतो. फिके आणि खारे पाणी यांत निवड करायला दिली तर तो जास्त खाऱ्या बाजूला जाऊन बसतो. भरतीबरोबर वर चढायचे, पोट भरायचे आणि ओहोटीबरोबर खाली उतरायचे ही ये-जा तर त्याच्या अंगात भिनलेली आहे. प्रयोगशाळेत भरती-ओहोटी नसतानाही काही दिवस त्याची हालचाल त्याच तालावर चालते.

तेवढ्याने भागले नाही तर दगडाखालच्या ओल्या फटीत किंवा चिखलात शिरून वेळ काढता येतो. हवेतही तो बराच काळ तग धरतो, कारण ओल्या कल्ल्यांनी हवेतला प्राणवायू घेता येतो. शरीरक्रियेचा खर्चिक उपाय शेवटचा. आधी पाय चालतात, मग पंप.

लाल आणि हिरव्या खेकड्यांत क्षारतेच्या दृष्टीने फरक असतो का?

असतो, आणि तो बऱ्यापैकी ठळक आहे. नुकतीच कात टाकलेला खेकडा हिरवा दिसतो. पुढची कात लांबत गेली की कवचातले रंगद्रव्य बदलत जाऊन तो नारिंगी-लाल होतो. म्हणजे लाल रंग हे बऱ्याच दिवसांत कात न टाकल्याचे चिन्ह. लाल खेकड्यांचे कवच जाड, नांग्या दमदार, मारामारीत आणि जोडीदार मिळवण्यात ते वरचढ. पण फिके पाणी आणि कमी प्राणवायू हे दोन्ही त्यांना हिरव्यांइतके सोसत नाही. त्यामुळे खाडीत आतवर प्रामुख्याने हिरवे आणि समुद्राकडच्या खोल, स्थिर पाण्यात लाल अशी विभागणी दिसते. पिंजऱ्यात नुसते हिरवेच सापडले म्हणून तिथे लाल नाहीतच असा निष्कर्ष काढू नका, पिंजरा कुठे लावला होता ते आधी बघा.

कात टाकताना काय होते?

सर्वांत नाजूक वेळ. जुने कवच सुटले की खेकडा पाणी शोषून फुगतो आणि नवे, मऊ कवच त्या वाढलेल्या मापावर कडक होऊ देतो. तेवढा काळ अंग जास्त झिरपते आणि संरक्षण काहीच नसते. शिवाय कवच कडक व्हायला कॅल्शियम पाण्यातूनच घ्यायचे, आणि समुद्राच्या पाण्यात ते भरपूर असते, नदीच्या पाण्यात त्या मानाने फार कमी. (याच मऊ अवस्थेतले भूमध्य समुद्री भाईबंद, कार्सिनस एस्ट्युआरी, व्हेनिसच्या खारकच्छात मुद्दाम निवडून पकडले जातात. कात कधी पडणार हे नुसत्या नजरेने ओळखणारे तिथले कोळी पाहिले की शरीरशास्त्राची पुस्तके बाजूला ठेवावीशी वाटतात.)

पिल्लांचे काय?

इथेच या खेकड्याची खरी मेख आहे. प्रौढ कितीही कणखर असला तरी त्याची पिल्ले तशी नाहीत.

एक मादी एका वेळी १,८५,००० पर्यंत अंडी पोटाखाली बाळगते. अंडी घेतलेल्या माद्या सहसा खाडीच्या आतून निघून खोल, खाऱ्या पाण्याकडे सरकतात. अंड्यातून निघणारी झोइया ही पाण्यात तरंगणारी सूक्ष्म अळी. तिच्या चार अवस्था होतात, मग मेगालोपा, आणि त्यानंतर पहिला छोटा खेकडा. पाण्याच्या तापमानानुसार या प्रवासाला दीड-दोन महिने, थंड पाण्यात त्याहूनही जास्त लागतात.

क्षारता सांभाळण्याची क्षमता या प्रवासात सरळ वाढत जात नाही, हे विशेष. पहिल्या झोइयाला फिक्या पाण्यात रक्त थोडेफार खारट ठेवता येते. त्यानंतरच्या झोइया मात्र बाहेर जसे पाणी तसे आत, अशा होतात. आणि मेगालोपा होताच ही क्षमता पुन्हा, आधीपेक्षा चांगली उगवते. याचा अर्थ त्यांच्या प्रवासाच्या वेळापत्रकात सापडतो. पहिली झोइया खाडीत किंवा खाडीच्या तोंडाशी जन्मते, तिथे पाणी बदलते आहे. ती ओहोटीच्या वेळी वर पोहून समुद्राकडे वाहून जाते. मधल्या अवस्था मोकळ्या समुद्रात, जिथे क्षारता जवळजवळ स्थिर. तिथे महागडी यंत्रणा बाळगून काय करायचे? मेगालोपा भरतीवर स्वार होऊन परत किनाऱ्याला, खाडीला येते, आणि तिला पुन्हा तीच यंत्रणा लागते.

म्हणून ढोबळ नियम असा: विशीच्या खाली क्षारता राहणाऱ्या पाण्यात हिरवा खेकडा राहू शकेल, पण तिथे त्याचा वंश चालणे कठीण. तशा ठिकाणी दिसणारे खेकडे बहुतेक बाहेरून आलेले असतात.

चिनी मिटन खेकडा तर थेट नदीत राहतो. त्याला कसे जमते?

नांग्यांवर तपकिरी केसांचे झुपके, लोकरीचे हातमोजे घातल्यासारखे, म्हणून मिटन. जर्मनीत आलर नदीत तो १९१२मध्ये सापडला, टेम्समध्ये १९३५मध्ये आणि सॅन फ्रान्सिस्को परिसरात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला. आयुष्याचा मोठा भाग तो नद्यांत काढतो. निखळ गोड्या पाण्यातही त्याचे रक्त ६०० मिलीऑस्मोलच्या आसपास राहते.

त्याची युक्ती हिरव्या खेकड्याहून वेगळी: त्याच्या अंगातून क्षारांची गळतीच मुळात फार कमी. हिरवा खेकडा उपसा वाढवतो, मिटन खेकडा भोक लहान ठेवतो. मूत्र मात्र त्याचेही रक्ताइतकेच खारट, पण तो ते थोडे करतो. शिवाय त्याचे मागचे कल्ले अतिशय फिक्या पाण्यातूनही क्लोराइड खेचू शकतात.

पण प्रजननासाठी त्यालाही समुद्राकडे उतरावेच लागते, अळ्यांना खारे पाणी हवे म्हणून. शरद ऋतूत प्रौढांचे लोंढे नदीतून खाली निघतात. १९९८मध्ये कॅलिफोर्नियात पाणी उपसणाऱ्या केंद्रावर मासे वाचवण्याच्या जाळ्या अशाच लाखो खेकड्यांनी तुंबल्या होत्या.

आणि बाकीचे दोघे?

आशियाई किनारखेकडा न्यू जर्सीत १९८८मध्ये सापडला आणि युरोपात १९९९मध्ये. दगडगोट्यांच्या किनाऱ्यावर त्याने अनेक ठिकाणी हिरव्या खेकड्यालाच हुसकावले, म्हणजे शेराला सव्वाशेर. फिके पाणी प्रौढांना चालते, अळ्यांना नाही.

हॅरिसचा चिखलखेकडा नखाएवढा, पण मचूळ पाण्याच्या बाबतीत या सगळ्यांचा गुरू. त्याच्या अळ्या अगदी कमी क्षारतेतही वाढतात, म्हणून तो समुद्राकडे न जाता खाडीतच पिढ्यान् पिढ्या काढतो. बाल्टिक समुद्राच्या फिक्या भागात तो फोफावला तो त्यामुळेच.

पाणी समुद्रापेक्षा जास्त खारे झाले तर?

हिरवा खेकडा लढत नाही. रक्त बाहेरच्या पाण्याबरोबर वर चढू देतो आणि पेशी अमिनो आम्लांचा साठा वाढवून जुळवून घेतात.

गोड्या पाण्यात बुडवून हे खेकडे मारता येतात का?

शिंपल्यांची रोपे किंवा जाळी एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना हा प्रश्न हमखास येतो. थोडक्यात: झटपट बुचकळून काढण्यावर भिस्त ठेवू नका. वर सांगितलेली सगळी यंत्रणा नेमकी अशाच तासा-दोन तासांच्या संकटासाठी आहे, आणि प्रौढ खेकडा त्यातून सहीसलामत निघतो. लहान, मऊ कवचाचे काही मरतील. उरलेला एक जरी अंडी घेतलेली मादी निघाला तरी सगळे मुसळ केरात. हाताने वेचणे आणि पिंजरे लावणे कंटाळवाणे आहे, पण त्याचा भरवसा जास्त.

जहाजांच्या बॅलास्ट पाण्याचा यात काय संबंध?

जहाजाच्या समतोलासाठी बंदरात टाक्यांत भरून घेतलेल्या बॅलास्ट पाण्यात अळ्या जगभर फिरतात. त्यावर जुना उपाय असा की भर समुद्रात, किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांवर, टाकीतले पाणी बदलायचे. गोड्या पाण्यातल्या जीवांना खाऱ्या पाण्याचा धक्का बसून ते मरतात, हे त्यामागचे एक गणित.

आता किनारखेकड्याच्या झोइयाचा विचार करा. तिला ३५ क्षारतेचे पाणी म्हणजे माहेर! तिच्यावर क्षारतेचा वार चालतच नाही. ती टाकीतून वाहून बाहेर पडली तरच उपाय लागू पडला म्हणायचे, आणि टाकीच्या कोपऱ्यांत गाळ आणि पाणी उरतेच. म्हणून २००४मध्ये संमत होऊन २०१७पासून अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय बॅलास्ट करारात पाणी सोडताना त्यात किती जिवंत जीव चालतील याचीच मर्यादा घातली आहे. जहाजांना त्यासाठी गाळण, अतिनील किरण, क्लोरीन अशी यंत्रणा बसवावी लागते. हा बदल मला योग्य दिशेचा वाटतो. एका प्रकारच्या प्राण्याला मारणारे पाणी दुसऱ्याला पोसते, हे खेकड्यांनी फार आधी दाखवून दिले होते.

हवामान बदलाने यांचे फावेल का?

ठिकाणावर अवलंबून. दुष्काळात नदीचा ओघ आटला की खारे पाणी आतवर चढते आणि त्याच्यामागे खेकडेही. अतिवृष्टी झाली की तेच खेकडे खाली ढकलले जातात, आणि अळ्या नेमक्या त्या काळात खाडीजवळ असतील तर एक अख्खी पिढी हातची जाऊ शकते. पाणी उबदार झाल्याने मात्र त्यांचा निश्चित फायदा होतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर १९९७-९८ आणि २०१५-१६ या एल निन्योच्या उबदार काळानंतर त्यांची पिल्ले मोठ्या संख्येने किनाऱ्याला लागली होती.

नुसता क्षारतेचा नकाशा पाहून पुढचा किनारा कोणता ते सांगता येईल का?

अर्धेमुर्धे. नकाशा वाचताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. प्रौढ इथे जगेल का, याला बहुतेक ठिकाणी उत्तर ‘हो’ येते आणि म्हणून तो प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. इथून दोन महिने तरंगणाऱ्या अळीला सलग खारे, पुरेसे कोमट पाणी मिळेल का, आणि प्रवाह तिला परत किनाऱ्याला आणेल का, हा दुसरा प्रश्न खरा कामाचा.

त्यातही एकाच जातीचे सगळे खेकडे सारखे नसतात. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर हा खेकडा बराच काळ एका टप्प्यावर अडकून होता. मग युरोपच्या उत्तरेकडून नवा वंश येऊन मिसळला, आणि १९९०च्या दशकात तो आणखी उत्तरेला, सेंट लॉरेन्सच्या आखातापर्यंत सरकला. नकाशा तोच होता, खेकडे नवे होते. त्यामुळे एखादा किनारा आज सुरक्षित दिसत असेल तर तिथे मेगालोपा येण्याच्या हंगामात दरवर्षी सापळे लावत राहणे आणि क्षारता तळाशी मोजणे, पृष्ठभागावर नव्हे, एवढे तरी सोडू नये.